बांगड्या फोडायच्या नाहीत, मग करायचं काय?

माझ्या मामेबहिणीचा नवरा अचानक गेला. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती, भावकी जमली होती, आणि आत बायकांच्या घोळक्यात ती भिंतीला टेकून बसली होती. मनगटभर हिरव्या बांगड्या. पंधरा दिवसांपूर्वी दिराच्या लग्नात भरलेल्या.

त्या गावानं विधवा प्रथा बंदीचा ठराव केलेला आहे. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. ग्रामसभेत हात वर करून मंजूर झालेला ठराव, चावडीसमोर फ्लेक्स, फ्लेक्सवर सगळ्या सदस्यांचे फोटो. असल्या वेळी भावकीत पुढं होणाऱ्या एक आक्का आहेत, तिच्या चुलत सासू. चाळीसेक वर्षं हे काम त्यांच्याकडेच. स्वतःही विधवा. त्या तिच्याजवळ येऊन बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि थांबल्या. दारात उभा असलेला पुतण्या पंचायतीत सदस्य आहे. तो हळूच म्हणाला, "आक्का, ठराव झालाय." आक्का म्हणाल्या, "झालाय न्हवं. मग आता काय करायचं त्ये सांग की."

कुणालाच काही सांगता आलं नाही. शेवटी जावेनं मोरीतून साबण आणला, मनगटाला फेस लावून एकेक बांगडी सोडवली आणि रुमालात बांधून ठेवली. फोडली एकही नाही. ठराव पाळला गेला आणि रीतही पार पडली.

(सवाष्णीच्या हातातली बांगडी पिचली तर ती 'फुटली' असं आपण म्हणत नाही. 'वाढवली' म्हणतो. मंगळसूत्र तुटलं तर 'वाढलं'. विधवेच्या बांगड्या मात्र सरळ 'फोडल्या'. तिच्यासाठी भाषेलाही संकोच वाटत नाही.)

आक्कांचा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला आहे. तो कुरापत काढायला विचारलेला नव्हता. चाळीस वर्षं ज्या हातांना त्या क्षणी काय करायचं हे ठाऊक होतं, त्यांना गावानं फक्त थांबायला सांगितलं होतं. दुःखाच्या वेळी हात रिकामे ठेवणं फार अवघड असतं. त्यांच्या पुढ्यात दुसरं काहीच ठेवलेलं नसेल तर ते जुन्याच कामाकडे वळतात. फार तर थोडं हलक्या हातानं करतात.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये हा ठराव पहिल्यांदा केला. कोरोनात कितीतरी तरण्या बायका विधवा झाल्या होत्या, त्याची ती पार्श्वभूमी. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाचं मोल मी कमी लेखत नाही. तो नसता तर माझ्या बहिणीच्या मनगटातून त्या दिवशी रक्त आलं असतं, आणि पुतण्याला तोंड उघडायला कुठलाही आधार नसता. पण ठराव जिथं संपतो तिथंच खरी अडचण सुरू होते. कालचं बंद करा, एवढंच त्यात लिहिलेलं आहे. उद्याचं कसं असेल, हे त्यात कुठंच दिसत नाही.

आणि हे एका ठरावापुरतं नाही. आपल्या प्रबोधनाचा शब्दकोश काढून बघा: बंदी, मुक्ती, निर्मूलन, विरोधी. दारूबंदी, हुंडाबंदी, प्लास्टिकबंदी, कुऱ्हाडबंदी, व्यसनमुक्ती, कॉपीमुक्ती. एखाद्या परक्या माणसानं नुसत्या पाट्या वाचत महाराष्ट्र फिरायचा ठरवला, तर आपल्याला काय नको आहे याची संपूर्ण यादी त्याला मिळेल. काय हवं आहे, ते एसटी स्टँडवरच्या जाहिरातींवरून ताडावं लागेल, म्हणजे बंगलो प्लॉट आणि इंग्लिश मीडियम.

हुंड्याचंच घ्या. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा. त्यानं 'हुंडा' हा शब्द बऱ्यापैकी हद्दपार केला. आता बैठकीत कुणी हुंडा मागत नाही. "आमचं काही मागणं नाही, लग्न तेवढं चांगलं करून द्या" असं म्हणतात. "पोरीच्या अंगावर काय घालायचं ते तुमच्या हौसेनं घाला" असं म्हणतात. हुंडा नसलेलं लग्न कसं दिसतं, त्यात मुलाच्या बापाची मान ताठ कशानं राहते, मुलीची आई शेजाऱ्यांना कौतुकानं काय सांगते, याचं चित्र कुणी उभंच केलं नाही. मग रिकाम्या जागेत हुंडाच मानपानाचा फेटा बांधून येऊन बसला.

याहून वाईट म्हणजे भीती घालून केलेलं प्रबोधन. "मुलगी वाचवली नाहीत तर सून कुठून आणाल?" ही घोषणा आपण वर्षानुवर्षं दवाखान्यांच्या आणि शाळांच्या भिंतींवर रंगवली. हेतू चांगला होता हे मान्य. पण वाक्य नीट वाचा. मुलीनं जगायचं ते कशाला? कुणाची तरी सून व्हायला. ज्या हिशेबापायी तिला पोटातच मारलं जात होतं, तोच हिशेब फायद्याच्या रकान्यात मांडून दाखवला. त्या भिंतीवर उद्याची मुलगी नाहीच, उद्याची टंचाई आहे.

माझं म्हणणं एवढंच, की माणसं जुनी रीत सोडतात ती तिच्याबद्दल किळस किंवा धास्ती वाटली म्हणून फार क्वचित. नव्या रितीतला एखादा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्याला जगता येईल असं दिसलं, की सोडतात. आणि तो दिवस दिसायला हवा तो बारीकसारीक तपशिलासह, म्हणजे अंगात काय, ताटात काय, पंगतीत शेजारी कोण, गाणं कुठलं.

हे सगळ्यात नेमकं कुणाला कळलं होतं याचा शोध घ्यायला फार लांब जावं लागत नाही. डिसेंबर १९२७, महाड. २५ डिसेंबरला तिथं मनुस्मृती जाळली गेली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. जाळण्याला फोटो मिळतो, इतिहासात ओळ मिळते. पण त्याच परिषदेच्या अखेरीला बाबासाहेब बायकांशी बोलले, त्याकडे आपलं तितकं लक्ष जात नाही. ते काय बोलले? लुगडं नेसायची तुमची पद्धत बदला, वरच्या जातींतल्या बायका नेसतात तसं पायघोळ नेसा. गळ्यात गळसऱ्यांचं ओझं आणि हातात कोपरापर्यंत कथलाची काकणं घालू नका, त्यावरून तुमची जात ओळखली जाते. अंगावरचं वस्त्र फाटकं असलं तरी चालेल, स्वच्छ ठेवा. मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका. मुलींना शिकवा.

एवढ्या पदव्या घेतलेला माणूस हजारोंच्या परिषदेत लुगड्याच्या काठाबद्दल बोलतो, हे आजच्या एखाद्या क्रांतिकारी तरुणाला किरकोळ वाटेल. मला तो त्या परिषदेतला सगळ्यात मोठा क्षण वाटतो. महाड सोडून गावी परतायच्या आधीच अनेकींनी नेसण बदलली. कशी नेसायची हे सहकाऱ्यांच्या घरच्या बायांनी त्यांना दाखवलं. आता तुलना करा. चवदार तळ्याच्या पाण्यावरचा हक्क कोर्टात सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडावं लागलं, दहा वर्षं गेली. लुगडं एका मुक्कामात बदललं. ज्या बाईला पोटऱ्या झाकायची मुभा रूढीनं दिलेली नव्हती, तिनं टाचेपर्यंत काठ सोडला. मागणी करत बसण्याऐवजी उद्याचा दिवस तिनं आजच अंगावर घेतला.

वरच्या जातींची नक्कलच ना ही, असं कुणी म्हणेल. असेल. पण जी वस्तू मुद्दाम तुमच्यापासून हिरावून ठेवली आहे, ती वापरण्याला नक्कल म्हणणं सोपं असतं, खास करून ती ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांना.

यापेक्षाही मोठा धडा १९३५ ते १९५६ या एकवीस वर्षांत आहे. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांची घोषणा झाली: हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. घोषणा ठणठणीत, पण रूपानं नकाराचीच. पुढल्या वर्षी मुंबईच्या परिषदेत धर्मांतराच्या बाजूनं ठराव झाला. इतर धर्मांच्या पुढाऱ्यांनी आमंत्रणं धाडली. तरीही खेड्यापाड्यांतल्या माणसाचं रोजचं वागणं त्या घोषणेनं एका झटक्यात पालटलं नाही. पालटणार कसं? राहायचं नाही हे ठरलं होतं, पण पुढचा मुक्काम दिसत नव्हता. लग्न कोण लावणार, मयताला काय म्हणणार, देव्हाऱ्यात काय ठेवणार?

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बौद्ध धम्माच्या दीक्षेनं या प्रश्नांना उत्तर मिळालं. त्या दिवशी लाखोंनी म्हटलेल्या बावीस प्रतिज्ञा एकदा ओळीनं वाचून पाहाव्यात. पहिल्या आठ नकाराच्या आहेत: या देवांना मानणार नाही, श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकरवी कुठलाही विधी करणार नाही. नववीपासून सूर बदलतो. सगळी माणसं समान आहेत असं मी मानतो, समता स्थापन करायचा प्रयत्न करीन, अष्टांग मार्गानं चालेन, प्राणिमात्रांवर दया करीन. आणि शेवटाकडे एक प्रतिज्ञा येते: आज माझा नवा जन्म होत आहे असे मी मानतो. आठ दारं बंद केली आणि मग माणसाला बाहेर उघड्यावर सोडून दिलं नाही, घरात आणून बसवलं. त्या घराला पांढरं वस्त्र होतं, त्रिशरण-पंचशील होतं, लग्न लावायची साधी रीत होती, १४ एप्रिल होता, वंदना होती आणि पुढं गावोगाव विहार झाले.

बाबासाहेब त्यानंतर दोन महिनेसुद्धा जगले नाहीत. ६ डिसेंबरला ते गेले. चळवळ फक्त नेत्याच्या नकारावर उभी असती तर तिथंच विरली असती. १९५१च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची संख्या जेमतेम अडीच हजार होती, १९६१च्या जनगणनेत ती २७ लाखांच्या पुढं गेली. २०११च्या जनगणनेत देशातल्या बौद्धांमधलं साक्षरतेचं प्रमाण ८१ टक्क्यांवर होतं, देशाची सरासरी ७३ टक्के असताना. ही सगळी करामत प्रतिज्ञांची, असा माझा दावा नाही. शिष्यवृत्त्या होत्या, राखीव जागा होत्या, शहरांतल्या नोकऱ्या होत्या, आणि मुलांना शिकवण्यासाठी पोटाला चिमटा काढणारे आईबाप होते. पण पोटाला चिमटा काढायला तरी डोळ्यांसमोर काहीतरी लागतंच. आणि अत्याचार थांबले, असंही नाही. खैरलांजीतलं दलित कुटुंबाचं हत्याकांड २००६चं आहे. नव्या जगाचं चित्र ज्यांच्या घरात लागलं त्यांचं जगणं बदललं, शेजारच्या घरात ते लागलंच नव्हतं.

महात्मा फुल्यांना ही गोष्ट त्याच्याही आधी उमगली होती. सत्यशोधक समाज सप्टेंबर १८७३मध्ये स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. (पुन्हा २५ डिसेंबर. योगायोग आहे, पण मला आवडतो.) भटजी नको म्हणून जोतीराव थांबले नाहीत. वधूवरांनी एकमेकांना म्हणायची मंगलाष्टकं त्यांनी मराठीत रचली. त्यात वधू बायकांच्या हक्कांबद्दल बोलते आणि वर ते हक्क मिळवून देण्यासाठी झटायचं वचन देतो. १८७३ साली, चारचौघांत, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी. तसा समाज कुठंही अस्तित्वात नव्हता. त्या मांडवात तो तासभर होता.

आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी तर हे काम चहावर भागवलं. गंगाराम कांबळे या त्यांच्या नोकराला पाण्याला शिवल्यावरून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामला भर रस्त्यावर चहाचं हॉटेल काढून दिलं. हॉटेलावर पाटी लागली, 'सत्यसुधारक'. महाराजांची गाडी तिथं थांबायची, महाराज चहा मागवायचे आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांच्या हातीही कप द्यायला लावायचे. राजाच पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? अस्पृश्यता वाईट आहे यावर त्या मंडळींनी किती व्याख्यानं ऐकली असतील कोण जाणे. तो चहा प्यायल्यानंतर आपल्याला काही होत नाही, हे मात्र त्यांना घशाखाली उतरल्यावरच कळलं असणार.

आता एक आक्षेप, आणि तो वजनदार आहे. उद्याची गोंडस चित्रं विकायचा धंदाही आपल्याकडे जोरात आहे. २०१५ साली केंद्राची स्मार्ट सिटी योजना आली, पहिल्या वीस शहरांच्या यादीत आपली पुणे आणि सोलापूर होती. त्या काळात वर्तमानपत्रांत यायची ती संगणकावर काढलेली चित्रं आठवतात का? रुंद फुटपाथ, सायकलवरून चाललेली गोरी मुलं, फुगे घेतलेलं एक लहान मूल. त्या फुटपाथवर भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई नव्हती. रिक्षा स्टँड नव्हता, चहाची गाडी नव्हती, बिडी ओढत बसलेले म्हातारे नव्हते. उद्याच्या सोलापुरात सोलापूरकरच नव्हते. अशा चित्रानं कुणाचं वागणं बदललं नाही, कारण त्यात शिरायला कुणाला दारच ठेवलेलं नव्हतं. लोकांनी ते बघितलं आणि पान उलटून क्रिकेटचा स्कोअर वाचला.

तेव्हा उद्याचं चित्र कुणी दाखवलं की मी आधी त्यात स्वतःला शोधते. मग त्यातलं झाडलोटीचं काम कोण करतंय ते बघते. महाडच्या लुगड्यात आणि फुटपाथच्या त्या चित्रात फरक एवढाच, की पहिलं नेसणारीला स्वतःच्या हातानं नेसता येत होतं, दुसऱ्यासाठी निविदा निघायची होती.

दुसरा आक्षेप चळवळीतली मित्रमंडळी घेतात: आधी राग हवा, स्वप्नं नंतर. रागाशिवाय काही हलत नाही हे मलाही पटतं. मनुस्मृती जाळली ते योग्यच झालं. पण राग पेटतो तसा विझतोही, आणि विझल्यावर माणूस दमून घरी जातो. घरी गेल्यावर त्याच्या हाताला काय लागणार आहे, याचा विचार राग पेटलेला असतानाच कुणीतरी करून ठेवावा लागतो. नावातच 'निर्मूलन' असलेल्या अंनिसलाही (अंधश्रद्धा निर्मूलन समितीला) हे कळलेलं आहे, म्हणून तर त्यांची लोकांनी सगळ्यात आपुलकीनं उचललेली हाक "होळी लहान करा, पोळी दान करा" ही आहे. होळी बंद करा असं म्हटलं असतं तर भांडणं झाली असती. पोळी कुणाच्या तरी पोटात जाते, हे मात्र लहान पोरांनाही सांगावं लागत नाही.

म्हणून विधवा प्रथेच्या ठरावांना दुसरं पान जोडायला हवं, असं माझं मत आहे. त्या दिवशी, त्या घटकेला काय करायचं ते त्यावर लिहावं. जी बाई उद्या बांगड्या फोडायला पुढं येणार आहे, तिच्याच हाती काहीतरी द्यावं. ती तिला पाणी पाजेल, केस विंचरेल, दहा दिवस तिच्या शेजारी झोपेल, काहीही असो, पण गावानं मिळून ठरवलेलं असावं. आणि तेराव्यापर्यंत तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज कोण घेऊन जाणार, तेही त्याच पानावर यावं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' चालवली, तेव्हा नवऱ्याच्या जिवंतपणीच जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा कार्यक्रम गावोगाव झाला. सातबाऱ्यावर बायकोचं नाव कसं दिसतं हे त्या गावांनी डोळ्यांनी पाहिलं. कुंकवाइतकीच मला त्या नावाची काळजी वाटते.

माझ्या बहिणीनं कुणाच्या ठरावाची वाट पाहिली नाही. पहिली संक्रांत तिनं आतल्या खोलीत काढली. दुसऱ्या संक्रांतीला तिनं घरोघर सांगणं पाठवलं, तिळगुळाला या म्हणून. सवाष्ण, विधवा, सोडलेली, बिनलग्नाची, सगळ्यांना. तीस घरी सांगितलं, आल्या अकरा जणी. त्यातल्या दोघी सासूला न सांगता.

तिची खरी अडचण करंड्याची होती. हळदीकुंकू म्हटलं की यजमानीण करंडा घेऊन फिरते, एकीला लावते आणि दुसरीला वगळते. सगळा अपमान त्या फिरण्यात आहे. तिनं करंडा सतरंजीच्या मधोमध ठेवला, शेजारी लहान आरसा. ज्या बाईला लावायचं असेल तिनं आपलं आपण लावावं. कुणीच कुणाला लावणार नाही म्हटल्यावर कुणाला वगळणारही नाही. ही युक्ती तिला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. सुगडं धुताना सुचली, असं ती सांगते.

आक्का आल्या होत्या. बराच वेळ भिंतीकडे बसून सगळं न्याहाळत होत्या. करंड्याला त्यांनी हात लावला नाही. जाताना तिळगूळ घेतला, वाण घेतलं. यंदा वाणाला चहाची गाळणी होती, ती उजेडाकडे धरून जाळी बारीक आहे का ते पाहिलं. मग चप्पल घालता घालता त्यांनी विचारलं, "आन् फुडल्या साली कुनाच्यात हाय?"